काम घरच्या मशीनवर, आपण लोकलमध्ये: फोनवरून कोडिंगच्या कामावर लक्ष ठेवण्याबद्दल नेहमीचे प्रश्न

मी राहतो ठाण्यात घोडबंदर रोडला, ऑफिस महापेला. रोज बसने स्टेशन, मग दहा नंबरवरून वाशी नाहीतर पनवेल लोकल, कोपरखैरणेला उतरून रिक्षा. घरचं मशीन मात्र दिवसभर चालू असतं आणि त्याच्यावर माझी स्वतःची कामं सुरू असतात. ऐरोली-घणसोली पट्ट्यातली बरीच ओळखीची मंडळी हल्ली हेच करायला लागलीत, आणि प्रत्येकजण साधारण तेच प्रश्न विचारतो, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय.

फोनवरून कोडिंग म्हणजे फोनवर कोड टाइप करायचा का?

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका, अंगठ्याने शंभर ओळी लिहून कोणाचं भलं झालेलं नाही. काम चालतं घरच्या कॉम्प्युटरवर किंवा भाड्याच्या सर्व्हरवर. फोन लागतो तीन गोष्टींसाठी: काय चाललंय ते बघायला, चुकीचं चाललं असेल तर थांबवायला, आणि काम आपल्या उत्तरासाठी अडलं असेल तर उत्तर द्यायला. या तीन गोष्टी उभ्याने, एका हातात हँडल धरून, दुसऱ्या हाताने करता आल्या पाहिजेत. तेवढं जमत असेल तर तुमची सोय बरोबर लागलीय असं समजा.

कुठली कामं अशी सोडून निघता येतात?

ज्याला वेळ लागतो पण जागेवर बसायची गरज नसते ती. मोठा बिल्ड, तासभर चालणाऱ्या टेस्ट, डेटा इम्पोर्ट, मॉडेल ट्रेनिंग, आणि आता कोडिंग एजंटला, म्हणजे सांगितल्यावर स्वतः कोड लिहिणाऱ्या एआयला, दिलेलं काम. लाइव्ह सर्व्हरवरचं डेटाबेसचं काम या यादीत नाही, त्यासाठी खुर्चीत बसा.

लॅपटॉप झाकला की काम का मरतं?

इथे दोन वेगळी कारणं आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात, मग उपाय एकाचा करतात आणि दुखणं दुसरंच असतं.

पहिलं कारण स्लीप. झाकण पडलं की मशीन झोपतं, प्रोसेसर थांबतो, नेट तुटतं. विंडोजमध्ये पॉवर सेटिंगमध्ये जाऊन झाकण लावल्यावर काहीच करू नको असं सांगता येतं, लिनक्सला लॉगिनडीच्या सेटिंगमध्ये झाकणाचं बटन इग्नोर करता येतं. मॅकला मशीन जागं ठेवणारी कॅफिनेट नावाची कमांड आहे पण ती झाकण उघडं असेपर्यंतच कामाची, नुसतं झाकण लावलं तर मॅक झोपणारच. झाकण लावून चालवायचंच असेल तर मशीन टेबलावर ठेवा, बॅगेत नाही, गरम होतं.

दुसरं कारण म्हणजे तुम्ही दुसऱ्या मशीनवर एसएसएचने (दुरून त्या मशीनचं टर्मिनल उघडायची पद्धत) शिरून काम सुरू केलं आणि मधलं कनेक्शन तुटलं. तेव्हा ते मशीन त्या सेशनमधल्या प्रोग्रामला हँगअप नावाचा सिग्नल पाठवतं. हे नाव जुन्या काळातलं आहे, टर्मिनल फोनलाइनवरून जोडलेलं असायचं आणि समोरच्याने फोन ठेवला की प्रोग्रामला कळवायचं की माणूस गेला, आवरून घे. आजही तसंच चालतं. मशीन व्यवस्थित जागं असतं पण काम गेलेलं असतं.

मग त्यावर उपाय काय?

टीमक्स. २००७ पासून आहे, फुकट आहे, आणि या सगळ्या खटाटोपात एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. टीमक्स त्या मशीनवरच एक टर्मिनल उघडून धरून ठेवतं, तुम्ही फक्त त्याला येऊन जोडला जाता आणि सुटून जाता. कंट्रोल आणि बी दाबून मग डी दाबलं की तुम्ही बाहेर, काम आत चालूच. परत अटॅच केलं की स्क्रीन होती तशी समोर. सकाळी घरी टेबलावर सुरू केलेलं सेशन दिघा गावला फोनवर उघडतं तेव्हा कर्सर जिथे सोडला तिथेच लुकलुकत असतो. मला पहिल्यांदा ते बघून जो आनंद झाला होता तो अजून आठवतो.

सेशनला नाव द्या, नुसते आकडे ठेवू नका. बिल्ड, एजंट, लॉग अशी तीन नावं पुरतात.

बाहेरून घरच्या मशीनपर्यंत पोचायचं कसं? माझ्या केबलवाल्याच्या नेटवर पोर्ट उघडूनही काही होत नाही.

नाहीच होणार. बरेच लोकल इंटरनेटवाले आणि मोबाइल कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पब्लिक पत्ता देतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पेजवर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा, तो १००.६४ ते १००.१२७ यातल्या कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून दार दिसणारच नाही.

टेलस्केल टाका. घरच्या मशीनवर आणि फोनवर दोन्हीकडे टाकायचं, एकाच अकाउंटने लॉगिन करायचं, की दोघं एकमेकांना आपल्या खाजगी नेटवर्कमध्ये असल्यासारखे दिसतात. खाली वायरगार्ड नावाचं व्हीपीएन चालतं, जे २०२० मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्येच आलं, त्यामुळे पाया भक्कम आहे. एकट्या माणसाच्या वापराला पैसे पडत नाहीत.

आणि ज्यांना पब्लिक पत्ता मिळालाय त्यांनाही हात जोडून सांगतो, पोर्ट २२, म्हणजे एसएसएचचं दार, जगाला उघडून ठेवू नका. एकदा उघडून लॉग बघितला की कळतं, थोड्याच वेळात कुठून कुठून लोक रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशी नावं टाकून पासवर्ड मारत बसलेले दिसतात.

पासवर्ड चालेल, का 'की' लागेल?

की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी चावीची फाइल. एसएसएच जन्मालाच आलं १९९५ मध्ये फिनलंडमध्ये, टाटू युलोनेन यांच्या युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं म्हणून. ईडी२५५१९ प्रकारची की बनवा, फोनसाठी वेगळी, लॅपटॉपसाठी वेगळी, आणि मग सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंदच करून टाका. वेगळी की का ते फोन हरवण्याच्या प्रश्नात येतंय.

फोनवर अ‍ॅप कुठलं?

अँड्रॉइडवर टर्मक्स, एफ-ड्रॉइड या अ‍ॅपच्या दुकानावरून घ्या. त्यात व्हॉल्यूम कमीचं बटन धरून सी दाबलं की कंट्रोल-सी होतं, हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक चाललेलं काम थांबवता येत नाही म्हणून घाबरलेले मी पाहिलेत. आयफोनवर ब्लिंक किंवा टर्मियस, टर्मियस अँड्रॉइडवरही आहे.

आयफोनवाल्यांनी एक गोष्ट आधी करा: सेटिंगमध्ये कीबोर्डमध्ये स्मार्ट पंक्चुएशन बंद करा. नोट्समध्ये कमांड लिहून ठेवली की तो दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, दिसायला छान पण पेस्ट केल्यावर कमांडला ती ओळखू येत नाहीत आणि एरर असा येतो की चूक कुठे आहे तेच डोळ्याला दिसत नाही.

अँड्रॉइडवर बॅटरी सेव्हर टर्मक्सला मागच्या मागे मारतो, त्यासाठी बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याला सूट द्या.

ट्रेनमध्ये नेटवर्क येतं-जातं, दर वेळी परत लॉगिन करायचं का?

मॉश वापरा. एमआयटीमध्ये तयार झालं, २०१२ ला आलं. साधं एसएसएच टीसीपीवर चालतं, फोनचा पत्ता बदलला की ते तुटतं. मॉश यूडीपीवर चालतं आणि पत्ता बदलला तरी ओळख धरून ठेवतं, म्हणजे घरच्या वायफायवरून बाहेर पडून मोबाइल डेटावर गेलात तरी सेशन तसंच. वर नेट मंद असेल तर तुम्ही टाइप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता लगेच दाखवतं. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर, जिथे बार पूर्ण दिसतात पण काही लोड होत नाही, तिथे हा फरक कळतो. मॉश दोन्हीकडे टाकावं लागतं, आणि त्यात वर स्क्रोल करून जुनं बघता येत नाही म्हणून आत टीमक्स हवंच.

दर पाच मिनिटांनी फोन काढून बघायचा का?

अजिबात नाही. त्याने काम पुढे सरकत नाही आणि जिवाला नुसता घोर. कामानेच तुम्हाला हाक मारली पाहिजे. एनटीएफवाय नावाची सोपी सोय आहे, एका ओळीच्या कर्ल कमांडने फोनवर नोटिफिकेशन येतं. टेलिग्रामचा बॉटही चालतो. एनटीएफवायच्या सार्वजनिक सर्व्हरवर एक काळजी घ्या, ज्याला तुमच्या टॉपिकचं नाव कळलं त्याला तुमचे सगळे मेसेज वाचता येतात, म्हणून टॉपिकचं नाव लांब आणि अंदाज न येणारं ठेवा आणि मेसेजमध्ये पासवर्ड, गिऱ्हाइकाचं नाव असलं काही पाठवू नका.

आता महत्त्वाचं, इथे मी स्वतः पोळलोय. एका व्यापाऱ्याचं बिलिंगचं काम करत होतो, जुन्या सिस्टिममधल्या सगळ्या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये भरायच्या होत्या. रात्री स्क्रिप्ट लावली, आउटपुट स्क्रीनवर पण दिसावं आणि फाइलमध्ये पण जावं म्हणून पाइप टाकून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून, टी कमांडला दिलं, आणि पुढे लिहिलं की जमलं तर 'इम्पोर्ट झाला' असा मेसेज पाठव. सकाळी दहा नंबरवर लोकलची वाट बघताना मेसेज आला, झाला म्हणून. मी तिथूनच व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं की शेठ, तुमचा डेटा आला, आजपासून नव्यावर बिलं फाडा. दुपारी त्यांचा फोन, की निम्म्या गिऱ्हाइकांची जुनी बाकीच दिसत नाही. स्क्रिप्ट अर्ध्यात एका नोंदीवर आपटून बंद पडली होती. पण शेलमध्ये पाइप असली की यश-अपयश मोजलं जातं ते शेवटच्या कमांडचं, आणि शेवटची होती टी, तिने आपलं लिहायचं काम बरोबर केलं होतं. त्या माणसाने सकाळपासून फाडलेली बिलं आम्ही दोघांनी रात्री बसून एकेक करून जुळवली. तो एक शब्द बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून प्रत्येक स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत पाइपफेल चालू करतो, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी अपयशच मोजलं जातं. आणि मेसेजमध्ये नुसतं 'झालं' येत नाही, तीन गोष्टी येतात: एक्झिट कोड (शून्य म्हणजे जमलं), लागलेला वेळ, आणि कामाचा एखादा मोजता येणारा आकडा, म्हणजे किती नोंदी आत गेल्या किंवा किती टेस्ट पास. शून्य कोड आला तरी आकडा जुळत नसेल तर मी कोणालाच काही कळवत नाही.

अजून एक, जे काम लटकून पडतं ते ना पास होतं ना फेल, त्यामुळे मेसेजच येत नाही. त्याला टाइमआउट कमांडमध्ये गुंडाळा, दोन तासांत संपायला हवं तर तीन तासांची मुदत द्या, मग निदान फेल झाल्याचं तरी कळेल.

एजंटला काम दिलंय, त्याला फोनवरून वळवायचं कसं?

वळवण्याची तयारी निघायच्या आधी करायची असते, लोकलमध्ये नाही. क्लॉड कोड, कोडेक्स असे एजंट टर्मिनलमध्येच चालतात, म्हणजे टीमक्समध्ये ठेवले की फोनवरून दिसतात. काही कंपन्यांनी आता स्वतःच्या अ‍ॅपमधून किंवा ब्राउझरमधून काम द्यायची, बघायची सोयही दिलीय, ती वापरली तरी खालचं सगळं लागू आहेच.

सकाळी निघताना मी एजंटला आधी फक्त आराखडा लिहायला सांगतो, कोड नाही. चहा होईपर्यंत तो आराखडा वाचतो, पटला तर गिटमध्ये वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे मुख्य कोडपासून वेगळ्या फांदीवर, काम सुरू करायला सांगतो, प्रत्येक टप्प्यानंतर कमिट कर (तिथपर्यंतचा बदल नोंदवून ठेव) आणि प्रगती नावाच्या फाइलमध्ये काय केलं, पुढे काय करणार हे चार ओळींत लिही. हे चार ओळींचं सांगणं फार मोलाचं आहे. फोनवर टर्मिनल उभं धरलं की एका ओळीत जेमतेम चाळीस-पन्नास अक्षरं मावतात, तिथे एजंटचं लांबलचक आउटपुट वाचत बसलात तर कोपरखैरणे कधी आलं कळणार नाही. ती फाइल उघडा, चार ओळी वाचा, झालं.

त्यानंतर बघायची गिट डिफ, पण स्टॅट लावून, म्हणजे कुठल्या फाइलीत किती ओळी बदलल्या एवढंच. एक उदाहरण सांगतो. मी एजंटला सांगितलं होतं की पगाराच्या हिशोबातल्या तीन टेस्ट फेल होतायत, त्या दुरुस्त कर. रबाळेच्या आसपास फोन उघडला तर स्टॅटमध्ये पाच फाइली, पाचही टेस्टच्या, मूळ कोडच्या फाइलीला हातच नाही. म्हणजे तो टेस्टमधलं अपेक्षित उत्तरच बदलत चालला होता, कोड जसा चुकत होता तसाच. आतला कोड वाचायची गरजच पडली नाही. एस्केप दाबून थांबवलं आणि लिहिलं: टेस्टच्या फाइलींना हात लावू नकोस, त्या परत होत्या तशा कर, चूक तारीख मोजणाऱ्या फंक्शनमध्ये असणार, ३१ मार्चला रुजू झालेल्या माणसाची केस बघ. घणसोली जाईपर्यंत त्याला चूक सापडली होती, आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस मोजणीतून सुटत होता.

यातून बघा, वळवायचं म्हणजे नुसतं 'हे चुकलं, नीट कर' म्हणायचं नाही. काय करू नको, काय परत फिरव, आणि कुठे बघ, या तीन गोष्टी सांगायच्या. आणि चुकीच्या वाटेने लांब गेला असेल तर समजावत बसू नका, मागच्या चांगल्या कमिटवर परत जा आणि नव्याने सांगा. म्हणून तर दर टप्प्याला कमिट.

टायपिंगचा कंटाळा असेल तर बोलून लिहा, जीबोर्डला मराठी बोललेलं कळतं आणि एजंटलाही मराठी बऱ्यापैकी कळतं. फक्त फाइलीची आणि फंक्शनची नावं हाताने टाइप करा, तिथे बोललेलं हमखास चुकतं.

एजंट सारखी परवानगी मागतो, सगळ्या आधीच देऊन टाकू का?

सगळ्या नको. वाचणं, टेस्ट चालवणं, त्या ब्रँचवर कमिट करणं, एवढ्याला आधीच हो म्हणून ठेवा. डिलीट, पुश, बाहेरून पॅकेज आणणं, आणि नेटवर काही पाठवणं याला विचारू दे. क्लॉड कोडमध्ये हुक नावाची सोय आहे, एजंट अडला किंवा थांबला की तुमची एखादी कमांड चालते, तिथे एनटीएफवायची ओळ टाका, म्हणजे तो वाट बघतोय हे तुम्हाला कळेल आणि अडीच तास फुकट जाणार नाहीत. सगळं खुलं सोडायचंच असेल तर ते वेगळ्या कंटेनरमध्ये, जिथे तुमच्या बाकीच्या फाइली आणि चाव्या दिसतच नाहीत.

गर्दीत घाईघाईने 'हो' दाबलं जातं, हे मी खूपदा पाहिलंय. काय विचारलंय ते नीट वाचता येत नसेल तर काही दाबू नका. तो थांबेल, थांबू दे.

फोनवरून मर्ज करावं का, म्हणजे ब्रँचवरचं काम मुख्य कोडमध्ये मिसळावं का?

गिटहबच्या अ‍ॅपमध्ये करता येतं. पण माझा नियम असा की जे परत फिरवता येतं तेवढंच फोनवरून. कागदपत्रांतली चूक, मजकूर, छोटा बग ज्याची टेस्ट आहे, चालेल. डेटाबेसचं स्ट्रक्चर, पैशाचा हिशोब, लॉगिन, यातलं काहीही असेल तर ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट, म्हणजे मर्जचा कच्चा प्रस्ताव, तशीच ठेवा आणि घरी जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघा. मेन ब्रँचला प्रोटेक्शन लावून ठेवा म्हणजे मोह झाला तरी टेस्ट पास झाल्याशिवाय जाणार नाही.

लाइट गेली तर?

पावसाळ्यात जातेच. लॅपटॉपला बॅटरी असते पण राउटर बंद पडतो आणि मशीन चालू असून हाताबाहेर जातं. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या, आणि बिल्डिंगमधल्या केबलवाल्याच्या बॉक्सला बॅकअप आहे का तेही विचारा, नाहीतर तुमचा राउटर चालू राहून उपयोग नाही. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू हो असं सेटिंग असतं ते लावा. मशीन उठेल, टीमक्स मात्र उठणार नाही, रीस्टार्टनंतर सेशन जातात. त्यामुळे लांब काम असं लिहा की जिथे तुटलं तिथून पुढे सुरू होईल.

हे सगळं नको असेल तर?

गिटहब अ‍ॅक्शन्सवर टाका, काम त्यांच्याच मशीनवर चालतं, फोनवर अ‍ॅपमध्ये हिरवं-लाल दिसतं. गिटहबच्या मशीनवर एका जॉबला ६ तासांची मर्यादा आहे, तेवढ्यात बसत असेल तर बिनधास्त.

स्क्रीन शेअरचं अ‍ॅप टाकलं तर सोपं नाही का?

सोपं वाटतं, पण सहा इंचाच्या फोनवर पूर्ण डेस्कटॉप बघून डोळे जातात, डेटा भरपूर खातं. टर्मिनलचा मजकूर तर नगण्य डेटा घेतो. शिवाय असल्या अ‍ॅपवरून लोकांची खाती रिकामी झाल्यामुळे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. अ‍ॅप वाईट असतं असं नाही, पण सतत उघडं ठेवायची ती गोष्ट नाही.

ऑफिसच्या कोडसाठी हे करू का?

आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय नको. ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचं टेलस्केल टाकणं म्हणजे कंपनीच्या भिंतीला परस्पर दार पाडणं. विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यांची स्वतःची सोय असते.

फोन चोरीला गेला तर?

ठाणे स्टेशनला चढताना खिशातून फोन जायला क्षण पुरतो, म्हणून आजच तयारी करा. दुसऱ्या कोणाच्या फोनच्या ब्राउझरमधून टेलस्केलमध्ये जाऊन तो फोन काढून टाका, दार तिथेच बंद. मग घरी जाऊन ऑथराइज्ड कीजच्या फाइलमधून फोनच्या कीची एक ओळ उडवा, लॅपटॉपची की वेगळी असल्यामुळे ती चालूच राहते. गिटहबचं सेशनही काढा. त्यानंतर तक्रार आणि संचार साथीवर ब्लॉक. टेलस्केलच्या अकाउंटचं दुसऱ्या पायरीचं लॉगिन फक्त त्याच फोनवर असेल तर मात्र तुम्हीच बाहेर राहाल, म्हणून रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. कीला पासफ्रेज असलीच पाहिजे हे वेगळं सांगत नाही.

घरचे लोक मशीन बंद करतात, काय करू?

त्यांना सांगा काय चाललंय. आमच्याकडे आई दुपारी झाडून घेताना प्लग काढायची, तिच्या दृष्टीने रिकाम्या खोलीत वीज जळत होती. मी एकदा तिला बसवून दाखवलं, हे बघ, हे आकडे वाढतायत म्हणजे काम चालू आहे, हे थांबले की संपलं. आता प्लगवर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे, 'चालू राहू दे'. आणि गेल्या महिन्यात दुपारी तिचा फोन आला, अरे तुझ्या मशीनचा पंखा मघापासून जोरात फिरतोय, आकडे पण हलत नाहीयेत. मी जेवणाच्या सुट्टीत उघडून बघितलं, लूपमध्ये अडकलं होतं, कुठलंच नोटिफिकेशन आलं नव्हतं कारण त्या स्क्रिप्टला टाइमआउट लावायचा राहिला होता. तिथूनच कंट्रोल-सी दाबलं, टाइमआउट लावून परत सुरू केलं आणि आईला फोन करून सांगितलं की आता बघ, हलतायत का. हलत होते.